सर्वसाधारण उपयोगाची रायफल : एक औचित्यविचार

‘सर्वसाधारण’ हे विशेषण मराठीत मानाचे नाही. सर्वसाधारण विद्यार्थी, सर्वसाधारण कादंबरी, सर्वसाधारण रूप असे कोणी म्हटले की पुढचे बोलणे त्याने सौजन्याने टाळले आहे, हे ऐकणारा ओळखतो. म्हणूनच रायफलींविषयीच्या अमेरिकी वाङ्मयात ‘सर्वसाधारण उपयोगाची रायफल’ ही संज्ञा एखाद्या आदर्शाचे नाव घ्यावे तशी आदराने घेतलेली आढळली, तेव्हा आमचे कुतूहल जागे झाले. मराठी वाङ्मय शिकवणाऱ्या आम्हां दोघांवर हे वाङ्मय वाचण्याची वेळ का आली, ते पुढे ओघाने येईलच. आधी संज्ञेकडे वळू.

या संज्ञेला रेखीव व्याख्या देण्याचे श्रेय जेफ कूपर (१९२०–२००६) यांच्याकडे जाते. हे गृहस्थ अमेरिकी मरीन दलातील अधिकारी. पुढे इतिहासात एम.ए. करून काही काळ त्यांनी इतिहासाचे अध्यापनही केले. १९७६ साली ॲरिझोनात त्यांनी नेमबाजीचे विद्यालय काढले आणि तेथेच १९८३ व १९८४ साली बंदूककार, शिकारी व लेखक यांच्या परिषदा भरवून एका प्रश्नाचा खल केला : माणसाला एकच रायफल बाळगायची असेल, तर ती कशी असावी? त्यांच्या राजकीय मतांशी आमचे मुळीच जुळत नाही. पण त्यांच्या विचाराची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. सर्वांत लांब पल्ला, सर्वांत भेदक गोळी, सर्वांत बारीक अचूकता यांपैकी एकही त्यांनी प्रारंभी मागितली नाही. त्यांनी प्रारंभी मर्यादा आखल्या. लांबी एक मीटरपेक्षा अधिक नको. वजन शक्यतो तीन किलो, फार तर साडेतीन. काडतूस जगात कोठेही मिळेल असे, म्हणजे .३०८ विंचेस्टर. एका गोळीत सुमारे २०० किलो वजनापर्यंतचे जनावर निर्णायकपणे पडावे. आणि अचूकता? २०० यार्डांवर तीन गोळ्या चार इंचांच्या आत. आजच्या जाहिरातींतील दावे पाहता ही अपेक्षा अगदी माफक वाटते. आणि ती जाणूनबुजून माफक ठेवलेली आहे.

या कल्पनेला त्यांनी ‘स्काउट रायफल’ असे नाव दिले. आरंभीचे नमुने निरनिराळ्या प्रचलित रायफलींचे भाग निवडून, जुळवून तयार झाले. १९९८ साली ऑस्ट्रियातील स्टायर या कंपनीने तिला कारखान्यातले रूप दिले. त्या रूपाविषयी मतभेद आहेत. उदाहरणार्थ, कमी शक्तीची दुर्बीण नळीवर पुढे बसवण्याचा कूपर यांचा आग्रह पुष्कळांना पटत नाही, कारण सूर्य पाठीशी असला की तिच्या मागच्या भिंगावर तिरीप येते. परंतु मर्यादेपासून आरंभ करायचा, ही पद्धत मतभेदांनंतरही शिल्लक राहते. आणि आम्हांला तीच महत्त्वाची वाटते.

आता आमचा संबंध. आमच्यापैकी एकाकडे बरीच वर्षे महाविद्यालयाच्या एन.सी.सी. तुकडीची जबाबदारी आहे. पॉइंट टू-टूची रायफल, २५ यार्डांवरचे लक्ष्य, दोऱ्यांनी बांधल्यासारखे एकत्र पडलेले छिद्रांचे ‘ग्रुपिंग’ हे सारे त्यामुळे घरात बोलण्याचे विषय. एन.सी.सी.च्या हिंदी परिभाषेत नेम धरण्याला ‘शिस्त लेना’ म्हणतात. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत वर्तनाच्या वळणाला चिकटला आणि तिकडे नजर, नळी व लक्ष्य एका रेषेत आणण्याला. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांपासून फारसे दूर नाहीत, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.

या तुकडीतून गेलेला, विज्ञान शाखेचा पण वाङ्मय मंडळात रमणारा एक विद्यार्थी आज अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात मृदा-परीक्षणाचे काम करतो. तेथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत रायफलीने हरिण व एल्क यांच्या शिकारीचा परवानाबद्ध हंगाम असतो आणि हिवाळ्याचे मांस त्यातून फ्रीजरमध्ये भरणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. अशा एका शेजाऱ्याच्या सोबतीने शिकारीला जायचे त्याने ठरवले. तयार रायफल घेण्याऐवजी भाग निवडून ती जुळवून घ्यावी, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने भागांची यादी करून आमच्याकडे पाठवली. सोबत एकच ओळ होती : “सर, मॅडम, यात काही कमी असेल तर सांगा.”

यादीत कमी काहीच नव्हते. स्पर्धेसाठी बनवलेली २६ इंची जाड नळी. काडतुसाला घट्ट बसणारी, किमान मोकळीक ठेवलेली नळीची कोठी. एक पौंडाच्या आसपास दाब पुरेल असा हलका चाप. पाच ते पंचवीस पट मोठे दाखवणारी दुर्बीण. सर्व बाजूंनी जुळवता येणारा धातूचा दस्ता. प्रत्येक भाग आपापल्या वर्गात पहिला. एकूण वजन मात्र सहा किलोंच्या पुढे गेले होते.

ती यादी वाचताना आम्हांला क्षेमेंद्राची आठवण झाली. अकराव्या शतकातील या काश्मिरी आचार्याने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात काव्याचा प्राण औचित्यात आहे, असे प्रतिपादन केले. त्याचा दृष्टान्त शिकवताना वर्गात हमखास हशा पिकतो : कमरपट्टा गळ्यात घातला आणि हार कमरेला बांधला, नूपुरे हातांत आणि बाजूबंद पायांत चढवले, तर अलंकार अस्सल सोन्याचे असूनही माणूस हास्यास्पदच दिसणार. अलंकाराचे मोल त्याच्या स्थानाने ठरते. विद्यार्थ्याच्या यादीत सोने अस्सल होते. पण २५ पट दाखवणारी दुर्बीण बाकावर टेकून हजार यार्डांवर नेम धरणाऱ्याचा अलंकार आहे. देवदारांच्या दाटीत साठ यार्डांवर क्षणभर दिसणारे जनावर तिच्या पाचपट चिंचोळ्या वर्तुळात सापडतच नाही. हिमात दिवसभर डोंगर चढणाऱ्याच्या खांद्यावर सहा किलो म्हणजे तिसऱ्या तासाला थरथरणारे हात. आणि थरथरत्या हाताला नळीची अचूकता काय उपयोगाची?

हा प्रश्न भागाभागाने पाहू, म्हणजे औचित्य येथे केवळ उपमा म्हणून आलेले नाही हे ध्यानात येईल.

रायफलीचा सांगाडा म्हणजे तिची ‘ॲक्शन’ : बोल्ट आणि तो ज्यात सरकतो ते घर. जर्मनीच्या माउझर बंधूंपैकी पॉल माउझर याच्या १८९८ च्या रचनेत बोल्टला लांब पोलादी पकड असते. मॅगझिनमधून काडतूस वर सरकताच ही पकड त्याची कड धरते आणि कोठीत जाईपर्यंत व रिकामे पुंगळे बाहेर फेकले जाईपर्यंत सोडत नाही. रायफल उलटी-तिरकी असो, चालवणारा घाबरलेला असो, काडतूस ताब्यातच असते. पुढे आलेल्या दुसऱ्या परंपरेत बोल्ट काडतुसाला नुसते ढकलतो आणि कोठीत पोहोचल्यावरच त्याची कड पकडतो. ही रचना सोपी, स्वस्त आणि अधिक भरीव. अचूकतेसाठी झालेल्या स्पर्धांत हिचाच वरचष्मा राहिला. म्हणजे पहिली रचना विश्वासार्हतेकडे झुकते, दुसरी अचूकतेकडे. विंचेस्टर कंपनीने १९३६ साली आणलेल्या ‘मॉडेल ७०’ रायफलीत माउझर-पद्धतीची पकड होती. उत्पादनखर्च वाचवण्यासाठी १९६४ साली कंपनीने ती काढली आणि गिऱ्हाईक इतके नाराज झाले की ‘चौसष्टपूर्व’ हा अमेरिकी शिकाऱ्यांच्या बोलीत प्रशंसेचा शब्द होऊन बसला. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी कंपनीला ती पकड परत आणावी लागली. वस्तुतः त्या पकडीची खरी गरज पडण्याचा प्रसंग बहुतेकांच्या आयुष्यात येतही नसावा. पण तो आलाच, तर दुसऱ्यांदा संधी मिळत नाही, हे गिऱ्हाइकाला कळत होते.

नळीचे गणित अधिक काव्यमय आहे. नळीच्या आत कोरलेल्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. पीळ किती असावा? वूलिच येथील गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली यासाठी एक सोपे सूत्र दिले : गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणावे आणि गोळीच्या लांबीने भागावे. .३०८ इंच व्यासाची आणि १.२ इंच लांबीची गोळी घेतली तर उत्तर सुमारे १२ येते. म्हणजे बारा इंचांत एक फेरा. गोळी लांब झाली की पीळ अधिक घट्ट हवा. म्हणजे ‘उत्तम नळी’ अशी स्वतंत्र वस्तू नसतेच. अमुक गोळीसाठी उत्तम नळी असते. जाड नळी तापली तरी सहसा वाकत नाही, म्हणून ती वीस-वीस गोळ्या झाडणाऱ्या स्पर्धकाला हवी. शिकाऱ्याला हवी असते थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी. तीच दरवेळी त्याच जागी पडत असेल तर पातळ, हलकी नळी त्याला पुरते.

दस्त्याची कथा अक्रोडाच्या लाकडाने सुरू होते. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते आणि दस्ता नळीला कोठे टेकत असेल तर ऋतूबरोबर नेमही सरकतो. म्हणून नळी पुढच्या भागात दस्त्यापासून किंचित मोकळी ठेवतात आणि ॲक्शन ज्या खाचेत बसते तेथे ईपॉक्सीचा थर देऊन ती ठशासारखी तंतोतंत बसवतात. हे काम स्वस्त आहे, डोळ्यांना दिसत नाही आणि जाहिरातीत फारसे चमकत नाही. दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रूही तसेच. रायफलीचा नेम अचानक बिघडला तर जाणते लोक नळीला दोष देण्याआधी हे स्क्रू तपासतात. मराठी व्याकरणात उभयान्वयी अव्ययांना जो मान, तोच येथे या जोडांना : नाव कोणी घेत नाही, पण वाक्य त्यांच्यावर उभे असते.

आता अचूकता मोजण्याविषयी थोडेसे. मोजमापाचे एकक आहे अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर तो सुमारे १.०५ इंच भरतो. ‘एका मिनिटाची रायफल’ म्हणजे १०० यार्डांवर साधारण इंचभर वर्तुळात गोळ्या टाकणारी. पण किती गोळ्या? येथे एक गंमत आहे. गोळ्यांचा विखुरलेपणा यादृच्छिक धरला, तर तीन गोळ्यांच्या समूहाची सरासरी रुंदी जितकी येते, त्याच्या दीडपटीहून थोडी अधिक दहा गोळ्यांची येते. रायफल तीच, काडतुसे तीच. केवळ अधिक वेळा विचारले म्हणून उत्तर बदलले. तीन गोळ्यांची सुंदर कागदपट्टी खिशात घालून फिरणारा माणूस खोटे बोलत नसतो, त्याने फक्त कमी प्रश्न विचारलेले असतात. दोन निबंध वाचून विद्यार्थ्याविषयी मत बनवणाऱ्या शिक्षकाला हे कळायला हरकत नाही. तथापि याहून महत्त्वाची गोष्ट अशी की विश्वासार्हता ही कागदावर उमटतच नाही. दहा गोळ्या जेथे पडल्या तेथे छिद्रे दिसतात. अकरावी भलत्याच क्षणी सुटणार नाही, याचे छिद्र कोठे शोधायचे?

हा प्रश्न आलंकारिक नाही. रेमिंग्टन कंपनीची ‘मॉडेल ७००’ ही रायफल १९६२ पासून विकली गेली आणि अचूकतेसाठी नावाजली गेली. तिच्या चापाची रचना मागील मॉडेलांतूनच, १९४८ पासून, चालत आली होती. त्या चापाची खुमासदार, स्वच्छ सुटका हे तिच्या लौकिकाचे एक कारण. त्यासाठी चापावर एक लहानसा सुटा तुकडा बसवलेला असे. टीकाकारांचे म्हणणे असे की कचरा, गोठलेले तेल किंवा गंज यांमुळे हा तुकडा जागेवर पूर्ण परतला नाही, तर चापाला बोट न लागताही रायफल झडू शकते. कंपनीने हा दोष कधीच मान्य केला नाही. आणखी एक बाब : १९८२ पूर्वीच्या या रायफलींत सुरक्षेचा खटका ‘झाडण्याच्या’ स्थितीत नेल्याशिवाय बोल्ट उघडत नसे, म्हणजे रायफल रिकामी करण्यासाठीच ती आधी सज्ज करावी लागे. २००० सालच्या ऑक्टोबरात, मॉन्टानातच, शिकारीवरून परतलेल्या एका आईने रायफल रिकामी करण्यासाठी तो खटका सरकवला आणि गोळी सुटली. घोड्यांच्या गाडीच्या पलीकडे तिचा नऊ वर्षांचा मुलगा होता. तो गेला. बोट चापावर नव्हते, असे तिने सांगितले.

पुढे दावे झाले, चौकशा झाल्या. २००६ साली कंपनीने नव्या रचनेचा चाप आणला. २०१४ साली तोही परत बोलवावा लागला, कारण जुळवणीत वापरलेले चिकट द्रव्य अधिक झाल्याने काही चाप अनपेक्षितपणे सुटू शकत होते. २०१७ साली अमेरिकी न्यायालयाने एका सामूहिक दाव्यातील तडजोड मंजूर केली. तिच्या कक्षेत सुमारे ७५ लाख बंदुका येत होत्या आणि बहुतेकांचे चाप विनामूल्य बदलून देण्याचे ठरले. दोष नसल्याची भूमिका कंपनीने तेव्हाही सोडली नाही.

या प्रकरणाचा आम्ही घेतलेला अर्थ असा. चापाचे दोन धर्म आहेत : बोटाने सांगितल्यावर सुटणे आणि न सांगता कधीही न सुटणे. पहिला धर्म दुकानात, पाच मिनिटांत, बोटाला कळतो आणि सुख देतो. दुसरा धर्म वर्षानुवर्षे काहीही न घडण्यातून सिद्ध होतो. निवड करणाऱ्याचा कल सुख देणाऱ्या धर्माकडे जाणे स्वाभाविक आहे. म्हणूनच तेथे विचार हवा. माउझरच्या व विंचेस्टर ‘मॉडेल ७०’ च्या रचनेत सुरक्षेचा खटका, ज्या सुईच्या आघाताने काडतूस पेटते, त्या सुईच्याच यंत्रणेला अडवून धरतो. मॉडेल ७०० मध्ये तो चापाकडील दुव्यांना अडवतो. दोन्ही ठिकाणी ‘सुरक्षा’ हाच शब्द आहे. कुलूप मात्र एके ठिकाणी तिजोरीला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी अंगणाच्या फाटकाला.

येथवर वाचल्यावर आम्हां दोघांत मतभेद झाला, आणि तो काही दिवस टिकला. आमच्यातील एकाचे म्हणणे असे की या पत्राला उत्तर देऊच नये. आपण तुकोबा शिकवणारी माणसे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर छंद म्हणून शिकार हा विषय संपला आणि ते चांगलेच झाले. मग परदेशातल्या विद्यार्थ्याला जनावर मारण्याचे साधन निवडायला आपण का मदत करावी? दुसऱ्याचे म्हणणे : आपण गप्प बसल्याने तो थांबणार नाही, तो या यादीसह जाईल. एक पौंडाचा चाप, बधिर झालेले बोट आणि पुढे चालणारा शेजारी, एवढे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर मौनाला अहिंसा म्हणता येईल काय?

हा वाद शेवटी जिम कॉर्बेटने मिटवला, किंवा त्याला निदान एक दिशा दिली. कॉर्बेट मराठी वाचकाला अनुवादांतून परिचित आहे. १९०७ साली त्याने मारलेल्या चंपावतच्या वाघिणीने, त्याच्या नोंदीप्रमाणे, नेपाळ व कुमाऊँ मिळून ४३६ माणसे मारली होती. तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले होते. एक अर्धा, दुसरा मुळापर्यंत. जुन्या गोळीच्या जखमेने ते मोडले आणि नैसर्गिक भक्ष्य मारता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असा त्याचा निष्कर्ष. ती गोळी कोणी झाडली, हे इतिहासाला ठाऊक नाही. पण कोणाची तरी एक गोळी हवी तेथून काही इंच सरकली होती. या वाघिणीच्या शिकारीबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी कॉर्बेटला जी रायफल भेट दिली, ती लंडनच्या रिग्बी यांनी माउझर ॲक्शनवर बांधलेली .२७५ ची होती : हलकी, साधी, खांद्यावर दिवसभर वागवता येणारी. याहून जड आणि जबर बंदुका त्याच्याकडे होत्या व त्याने त्या वापरल्याही. परंतु डोंगरात मैलोन्‌मैल पायी हिंडणाऱ्या त्या माणसाची ही आवडती रायफल झाली. सर्वसाधारण उपयोगाची रायफल ही संज्ञा रूढ होण्याच्या कितीतरी आधी ती वस्तू कुमाऊँच्या पायवाटांवर चालत होती.

तेव्हा आमचे एकमत झाले ते एवढ्यावर : मारणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्याचा त्याने सोडवायचा आहे. पण ज्याला मारायचे ठरवले त्याला जखमी करून सोडणे आणि ज्याला मारायचे ठरवले नाही त्याला मारणे, या दोन गोष्टी कोणत्याही नीतीत बसत नाहीत. रायफलीचा प्रत्येक भाग निवडताना या दोन शक्यता किती कमी होतात, हाच निकष. अचूकता पहिलीसाठी, विश्वासार्हता दुसरीसाठी. आणि एकीच्या पायी दुसरीचा बळी द्यायचा नाही.

आमचे उत्तर तीन परिच्छेदांचे होते. काय कमी आहे, असे त्याने विचारले होते. काय अधिक आहे, ते आम्ही लिहिले. दिवसभर वाहून नेल्यावर हात स्थिर राहील एवढेच वजन ठेव. हातमोजा घातलेल्या बोटाला जाणवेल असा, तीन-साडेतीन पौंडांचा चाप आणि सुईलाच अडवणारा खटका पाहा. दुर्बीण दोनपटीपासून सुरू होणारी असू दे. कोठीत थोडी मोकळीक असू दे, हिमाचा कण आणि धूळ यांनाही कोठेतरी जागा लागते. बोल्टच्या आतील सुईवरचे जाड तेल पुसून काढ, कडाक्याच्या थंडीत ते घट्ट होते आणि आघात मंदावतो. तीन गोळ्यांवर समाधान मानू नकोस. आणि बाकावर टेकून जेवढ्या झाडशील तेवढ्याच बसून, गुडघा टेकून, उभे राहून झाड, कारण जंगलात बाक नसतो. अखेरीस एन.सी.सी.त शिकलेले जुनेच वाक्य लिहिले : बंदूक नेहमी भरलेलीच समज. भागांची निवड कितीही चोख असो, नळीचे तोंड कोणाकडे आहे, हा प्रश्न कोणताही भाग सोडवत नाही.

त्याने यादी बाजूला ठेवली. पकडीच्या बोल्टची एक जुनी, वापरलेली रायफल घेतली, दस्त्यात ॲक्शन नीट बसवून घेतली, दोन ते सात पटीची लहान दुर्बीण लावली आणि उरलेल्या पैशांची काडतुसे घेऊन उन्हाळाभर सराव केला. सरावाच्या शेवटी स्वतःसाठी त्याने एक अंतर ठरवले : बसून झाडताना ज्याच्या आत दहापैकी दहा गोळ्या जेवणाच्या ताटलीएवढ्या वर्तुळात पडतात ते. ते २०० यार्ड निघाले. रायफलीची क्षमता याच्या दुप्पट होती, असे त्याने लिहिले. पण अंतर रायफलीचे नव्हते, त्याचे होते.

पहिल्या हंगामात एल्क दिसला तो दरीपलीकडे, ३५० यार्डांवर, बराच वेळ निश्चल उभा. शेजारी म्हणाला, रायफल पोहोचेल. आमच्या विद्यार्थ्याने बोल्ट उघडून काडतूस काढून घेतले. त्या संध्याकाळी लिहिलेल्या पत्रात त्याने रायफलीविषयी फारसे लिहिले नव्हते. हिम नुकतेच पडू लागले होते, जनावराच्या श्वासाची वाफ दुर्बिणीतून दिसत होती, आणि काडतूस खिशात टाकताना ते बोटांना ऊबदार लागले, एवढेच.

एकाच रायफलीकडून सर्व कामे करून घ्यायची, तर प्रत्येक कामात काहीतरी सोडावे लागते. आणि काय सोडायचे हे ज्याला आधी ठरवता आले, त्यालाच ती निवडता येते. ‘सर्वसाधारण’ या शब्दात हा त्याग दडलेला आहे, असे आता आम्हांला वाटते.